अँडीजच्या दगडी टोकांचा सेट मागवला, पाचातले तीन स्टार आणि त्यातला एक मोडलेल्या टोकाला

आधीच सांगतो, मी पुरातत्त्ववाला वगैरे कोणी नाही. देवगड तालुक्यात आमचा छोटा होमस्टे आहे, चार खोल्या, आंब्याच्या सीझनला फुल्ल आणि पावसात मी, काकी आणि मांजर. येणारे पाहुणे कुडोपीची कातळशिल्पं बघायला जातात आणि संध्याकाळी परत आले की पडवीत चहा पिता पिता ठरलेले प्रश्न सुरू, हे कोणी कोरलं, त्यांच्याकडे हत्यारं कसली होती, ते खायचे काय. दोन वर्षं मी "असेच आदिमानव" म्हणून वेळ मारून नेली, मग मलाच लाज वाटायला लागली आणि रात्री मोबाईलवर अश्मयुगाबद्दल वाचायला लागलो. वाचता वाचता कुठल्या कुठे गेलो तर थेट दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या आसपास, आणि तिथे जो अडकलो तो अजून अडकलेलाच आहे.

पडवीत एक काचेचं कपाट आहे त्यात एक खण रिकामा होता. म्हटलं तिथे काहीतरी ठेवू जे पाहुण्यांना हातात घेता येईल. म्हणून हा सेट मागवला. "अँडीजचे आदिम शिकारी, १२ पाषाण टोकांचा संच", सोबत एक फेकदांडी, बांबूचे दोन भाले आणि एक पुस्तिका. ४,६०० रुपये, कुरियर वेगळं. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माणसं वाईट नाहीत, फक्त कोणीतरी डोकं न लावता डबा बनवलाय, आणि ज्यांना असले सेट माहीत आहेत त्यांना कळेलच मी कशाबद्दल बोलतोय.

पार्सल उघडलं तेव्हा शेजारचे तात्या मासे द्यायला आले होते. त्यांनी एक टोक उचललं, अंगठ्याच्या नखावर धार घासून बघितली, जशी ते सुरीची बघतात तशी, आणि किंमत विचारली. सांगितली तर म्हणाले, "दगडाक साडेचार हजार? सड्यार चल, पोतो भरून देतंय तुका." हा या प्रॉडक्टचा पहिला रिव्ह्यू, आणि तसा पूर्ण चुकीचाही नाही.

आधी चांगलं सांगतो. बारा टोकांपैकी नऊ रेझिनमध्ये ओतलेली आहेत आणि तीन खऱ्या अकीक दगडात हाताने घडवलेली. रेझिनची कास्टिंग खरंच झकास आहे. काळी टोकं ऑब्सिडियनची नक्कल म्हणून केलीत, ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीतली नैसर्गिक काच, तर त्यात उन्हात धरल्यावर कडेला जो थोडा धुरकट पारदर्शकपणा दिसतो तो पण आणलाय. दगडाचा छिलका उडवल्यावर जी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वळणाची खूण राहते ती प्रत्येक टोकावर स्पष्ट दिसते, बोट फिरवलं की जाणवते. करड्या रंगाची दोन आहेत ती अँडेसाइटची नक्कल, ती मुद्दाम खडबडीत ठेवलीत आणि हे बरोबर आहे, कारण अँडेसाइट ऑब्सिडियनपेक्षा जाडसर कणांचा दगड, त्यातून काचेसारखी बारीक धार निघत नाही, टोक थोडं जाडच राहतं. दगड बदलला की आकार बदलतो, हे हातात घेऊन कळतं. इथपर्यंत पैसे वसूल.

आता थोडं मागचं सांगतो नाहीतर पुढची तक्रार कळणार नाही.

पेरूच्या दक्षिणेला पुकुंचो नावाचं खोरं आहे, तिथल्या कुंकाइचा नावाच्या गुहेत कर्ट राडेमेकर आणि त्यांच्या टीमला साधारण १२,४०० वर्षांपूर्वी माणसं राहिल्याच्या खुणा मिळाल्या, हे २०१४ मध्ये छापून आलं. उंची ४,४८० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या पावणेतीनपट उंचीवर, जिथे हवेत प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, रात्री गोठवणारी थंडी, झाडं जवळपास नाहीत, तिथे हे लोक विकुन्या (उंटाच्या कुळातला, पण हरणाएवढा प्राणी) आणि तारुका नावाचं हरीण मारून जगत होते. मी आंबोली घाट चढलो तरी कान बंद होतात, असो.

आणि त्याच पट्ट्यातला अल्का नावाचा ऑब्सिडियन थेट खाली पॅसिफिकच्या किनाऱ्यावर सापडलाय, केब्राडा हागुआय नावाच्या ठिकाणी, आणि ती वस्ती पण जवळजवळ तेवढीच जुनी. ते किनाऱ्यावरचे लोक खायचे काय तर मुख्यतः ड्रम जातीचे मासे, म्हणजे आपल्या घोळ आणि ढोमीच्याच कुळातले, आणि शिंपल्या. हे वाचलं तेव्हा मी तात्यांना फोन केला होता. घाटावरचा दगड खाली आणि किनाऱ्यावर घोळीच्या भावकीतला मासा, बारा हजार वर्षांपूर्वी! आपल्याकडे घाटावरून बैलाच्या पाठीवर काय काय खाली यायचं त्याच्या गोष्टी आजोबा सांगायचे, तसंच वाटलं. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही. कोकणात विकायचं असेल तर हीच गोष्ट पहिल्या पानावर हवी होती.

बरं, आता पुस्तिका. मराठी आवृत्ती आहे म्हणून खूश झालो होतो. पहिलंच वाक्य, "हे प्रक्षेप्य बिंदू प्राचीन उच्चभूमी शिकारी-संग्राहकांचे आहेत." बिंदू! कोणीतरी इंग्रजी पॉइंटचं मशीनमधून बिंदू करून टाकलंय आणि कोणी वाचलेलं पण नाही. पुढे "माशाची शेपटी बिंदू", "पान बिंदू", आणि एका ठिकाणी "खांद्यावर काटेरी बिंदू", भाचा दोन दिवस घरात सगळ्याला बिंदू म्हणत फिरत होता. अहो टोक म्हणा, भाल्याचं टोक, बाणाचं टोक, फाळ म्हणा, एवढे शब्द आहेत. खाली बूड आणि देठ, बाजूला खांदा, वर पातं आणि शेंडा. कुठल्याही लोहाराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

पण भाषा मी माफ केली असती. खरी गोची पुढे आहे.

डब्यात फोम आहे, फोमला बारा खाचे, आणि बाराही खाचे एकाच मापाचे. ५ सेंटीमीटर. म्हणून काय केलंय तर प्रत्येक टोक, कुठल्याही काळातलं असो, ५ सेंटीमीटर लांबीचं करून टाकलंय. माशाच्या शेपटीसारखं बूड असलेलं टोक, जे पहिल्यांदा पाटागोनियातल्या फेल्स केव्हमध्ये ज्युनियस बर्ड यांना १९३० च्या दशकात सापडलं आणि जे सगळ्यात जुन्यांपैकी आहे, ते ५ सेंटीमीटर. पानासारखी टोकं ५ सेंटीमीटर. आणि शेवटची, सगळ्यात उशिराची, बुडाला आत वळलेली छोटी त्रिकोणी टोकं, जी खरी दोन-अडीच सेंटीमीटरची चिमुकली असतात, ती पण फुगवून ५ सेंटीमीटर. लांबीबरोबर रुंदी आणि जाडी पण त्याच हिशोबात वाढलीये. म्हणजे माशांचा तक्ता छापताना मांदेली आणि सुरमई एकाच साइजची काढावी तसलं काम झालंय.

आता कोणी म्हणेल साइजचं एवढं काय, आकार तर कळतोय ना. तर नाही, साइज हीच तर गंमत आहे. आधीचे लोक धनुष्यबाण वापरत नव्हते, ते फेकदांडीने भाला फेकायचे (तीच फेकदांडी सेटमध्ये आहे, तिच्याबद्दल खाली सांगतो). फेकभाल्याची काठी जाड, म्हणून टोक पण मोठं आणि खांद्यात रुंद. बाणाची काडी बारीक, तिच्यावर जड टोक लावलं तर बाण नाक खाली घालून पडतो, म्हणून टोक छोटं आणि हलकं. अमेरिकेत डेव्हिड हर्स्ट थॉमस नावाच्या अभ्यासकाने १९७८ मध्ये म्युझियममधले काठीसकट टिकलेले बाण आणि फेकभाले घेऊन मापं काढली, १३२ बाण आणि १० फेकभाले, फेकभाले किती थोडे टिकलेत बघा, आणि त्यावरून नुसत्या दगडाच्या मापावरून हे टोक बाणाचं की भाल्याचं हे सांगायचा रस्ता तयार केला. नंतरच्या लोकांनी तो अजून सुधारला, त्यात खांद्याची रुंदी सगळ्यात कामाची ठरली. टिटिकाकाच्या आसपासची हजारावर टोकं मोजून आता असं म्हणतात की साधारण ५,००० वर्षांपूर्वी टोकं एकदम लहान झाली, म्हणजे तिथे तेव्हा धनुष्यबाण आला. पाच हजार वर्षांपूर्वीचं धनुष्य लाकडाचं, दोरी आतड्याची किंवा धाग्याची, सगळं कुजून गेलं, उरलाय फक्त दगड आणि त्याचं माप. आणि या लोकांनी नेमकं तेच माप पुसून टाकलंय, कारण फोम एका साच्याचा स्वस्त पडतो!

मी व्हर्नियर काढून सगळी मोजली. भाच्याने वहीत लिहिली. बारापैकी अकरा ५० ते ५१ मिलिमीटर, एक ४९. एवढी शिस्त आमच्या बागेतल्या हापूसला नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक आकाराचं एकच टोक दिलंय आणि ते अगदी चकाचक, दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या. पुस्तिकेत प्रत्येकाखाली "या टोळीचा बिंदू", "त्या टोळीचा बिंदू". असं काही नसतं हो. टिटिकाका भागाचा जो मुख्य तक्ता आहे, सिंडी क्लिंक आणि मार्क ऑल्डेंडर्फर यांचा, २००५ चा, तो टोळ्यांचा नाही, काळाचा आहे. झालं असं की तिथल्या माळरानावर टोकं उघड्यावर पडलेली मिळतात, आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दगडी हत्यारं मिळतात तशी, आणि उघड्यावरच्या दगडाचं वय काढता येत नाही. मग यांनी काय केलं, नीट थर लावून खणलेल्या जागांमधली टोकं घेतली, ज्यांच्या थराचं वय कोळशावरून माहीत आहे, आणि कुठला आकार कुठल्या काळात येतो आणि कधी जातो ते लावून ठेवलं. पाच मोठे गट आणि त्यात पोटप्रकार. पहिल्या गटात सुरुवातीच्या काळातली, काहींच्या खांद्याला बारीक काटे, शेवटच्या गटात त्रिकोणी. आता तिथल्या माळरानावर एखादं टोक मिळालं की तक्त्याशी लावून बघायचं आणि त्या वस्तीचा काळ सांगायचा. फार हुशारीचं काम आहे. पण सगळे आकार असे नेमके नसतात, साधं पानासारखं टोक हजारो वर्षं चालत राहिलं, त्याच्यावरून काही ठरत नाही. पेरूच्या मध्य भागातल्या लाउरिकोचा आणि पाचामाचाय या गुहांमध्ये पण पानासारखी टोकं भरपूर. आमच्या भाच्याने त्यातलं एक आंब्याच्या पानावर ठेवलं, एक कोकमाच्या पानावर, आणि म्हणाला मामा ही दोन वेगळी झाडं आहेत की एकाच झाडाची लहान-मोठी पानं? हाच प्रश्न अभ्यासकांना पडलेला आहे, आणि पोरगा सातवीत आहे.

आणि आता मोडलेल्या टोकाची गोष्ट, ज्याच्यासाठी मी तिसरा स्टार दिला.

रेझिन फेकून मारायचं नाही असं लिहिलंय, बरोबर आहे. अकीकची तीन आहेत ती भाल्याला बांधता येतात, डांबरासारखं काहीतरी आणि दोरा दिलाय. फेकदांडी म्हणजे हातभर लांब काठी, तिच्या टोकाला एक आकडा, भाल्याच्या बुडाला खळगा, आकडा खळग्यात अडकवायचा आणि दांडीने भाला भिरकावायचा. हात लांब झाल्यासारखं होतं आणि भाला सुसाट जातो. म्हणजे ज्याला जमतं त्याचा जातो. मी काजूच्या बागेत केळीचा जुना सोट उभा केला, पंधरा पावलांवरून पहिले दहा-बारा भाले करवंदीच्या जाळीत, एक तर गवताच्या गंजीत गेला, काकी पडवीतून हसतेय. तेराव्याला सोटात घुसला, खरंच घुसला, टोक पूर्ण आत. त्या आनंदात चौदावा जोरात फेकला तो सोटाच्या वरून गेला आणि मागच्या जांभ्या दगडावर आपटला. कट्. टोकाचा शेंडा गेला, आणि नुसता तुटला नाही, शेंड्यापासून एक लांबट कपची पात्यावरून खाली सरकत निघाली. अशीच कपची जुन्या टोकांवर दिसली की अभ्यासक म्हणतात हे वापरलेलं आहे, आपटलेलं आहे.

रागाने पहिल्यांदा विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर यायला सहा दिवस लागले, तेवढ्यात मी विचार केला की त्या लोकांनी काय केलं असतं? चार हजार मीटरवर दुकान नाही. चांगला दगड दोन दिवस लांब. ते टोक टाकणार नाहीत, ते परत धार लावणार.

पुस्तिकेत लिहिलंय हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाबून छिलके काढा. दादा, तुमचं बरंय, इथे सांबराचं शिंग घरात सापडलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखातं मलाच घेऊन जाईल. हे कृपया पुस्तिकेतून काढा, कोणीतरी पोरगं खरंच शोधायला जायचं. मी वायरमनकडून तांब्याच्या सळीचा तुकडा घेतला, लाकडी मुठीत बसवला. मांडीवर जुन्या चपलेचं चामडं, डोळ्याला गॉगल, आणि अंगणात वाऱ्याच्या बाजूला बसलो, कारण ही धूळ फुप्फुसात जाते, खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकोसिस याच धुळीने होतो. पुस्तिकेत याबद्दलही काही नाही, आणि हे शाळांना विकतात!

दाबायचं, थोडं खाली आणि आत, एक चिमुकला छिलका उडतो, टिक. परत दाबायचं, टिक. अर्धा तास. दोनदा बोट कापलं. शेवटी जे झालं ते बघून मी आणि भाचा दोघं गप्प. लांबी ५१ वरून ३७ मिलिमीटर. पण खाली देठ तसाच, खांदे तसेच, रुंदी २२ तशीच, कारण तो भाग दोऱ्याखाली बांधलेला, तिथे मी हात लावलाच नाही. लांबट डौलदार टोक होतं त्याचं बुटकं, रुंद खांद्याचं, कडा थोड्या आत गेलेलं टोक झालं. भाच्याला पुस्तिका दिली आणि म्हटलं शोध बघू हे कुठलं. त्याने पाच सेकंदात सातव्या नंबरवर बोट ठेवलं. मूळ टोक तिसऱ्या नंबरचं होतं!

म्हणजे पुस्तिकेच्या हिशोबाने मी अंगणात बसून अर्ध्या तासात एका टोळीचं टोक दुसऱ्या टोळीचं केलं. हा प्रयोग आधीच झालेला आहे, १९८६ मध्ये फ्लेनिकन आणि रेमंड यांनी अमेरिकेत हेच केलं होतं, टोकं बनवली, फेकली, मोडली, परत घडवली आणि त्यातली काही भलत्याच प्रकारात जाऊन बसली. मला ते नंतर वाचायला मिळालं, तोवर मी स्वतःला शास्त्रज्ञ समजत होतो.

हे काकीला सांगायला गेलो तर ती मासे कापत होती. तिचा आडाळो, विळी म्हणा, आजीच्या वेळचा. पातं झिजून झिजून करंगळीएवढं उरलंय, मधे खोलगट झालंय, शेंडा मात्र अजून वर वळलेला. शेजारी सुनेसाठी आणलेला नवीन आडाळो, पातं तळहाताएवढं रुंद. दोन्ही एकाच लोहाराच्या घरातले. कोणाला माहीत नसेल तर तो म्हणेल ही दोन वेगळ्या गावची हत्यारं. मी म्हटलं आता याची धार गेली, टाकून दे. काकी म्हणाली, "धार आसा. आडाळोच रवलो नाय." टोकांमधला अर्धा फरक या एका वाक्यात बसतो आणि पुस्तिकेची चाळीस पानं त्याच्या आसपास पण येत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बारा आकारांची बारा सुंदर टोकं देण्यापेक्षा चारच आकार द्या, पण प्रत्येकाची तीन टोकं द्या. एक नवं, एक वापरून धार लावलेलं, एक मोडून परत घडवलेलं. आणि खरी मापं ठेवा. शिकारी काही कॅटलॉग बघून टोक बनवत नव्हता, हातात आलेल्या दगडाने, दोऱ्याच्या खोबणीने आणि गेल्या आठवड्यात कुठे आपटलं त्याने आकार ठरत होता, आणि थोडा बापाने आईने शिकवलेल्या हाताच्या सवयीने.

आईवरून आठवलं, डब्यावरचं चित्र. एक दाढीवाला, पिळदार दंडाचा बाप्या धनुष्य ताणून उभा, मागे बर्फाचे डोंगर. खाली लिहिलंय "९,००० वर्षांपूर्वीचा शिकारी". एक तर तेव्हा धनुष्यच नव्हतं, वर सांगितलंच. आणि दुसरं म्हणजे नेमकी ९,००० वर्षांपूर्वीची जी शिकारी व्यक्ती तिथे हत्यारांसकट सापडून गाजली ती मुलगी आहे! टिटिकाकाजवळ पुनो भागात विलामाया पात्हा म्हणून जागा आहे, साधारण ३,९२५ मीटरवर. २०१८ मध्ये रँडी हास आणि त्यांच्या टीमने तिथे खणलं. एका दफनात २४ दगडी वस्तू, बहुतेक मांडीजवळ एकावर एक रचलेल्या, जणू चामड्याच्या पिशवीत भरल्या होत्या आणि पिशवी कुजून गेली. त्यात भाल्याची टोकं, सुरीसारखं पातं, कातडं खरवडायची हत्यारं, गेरू, म्हणजे शिकार करण्यापासून कातडं कमावण्यापर्यंतचा पूर्ण किट. हाडं आणि दातातली प्रथिनं तपासली तर १७ ते १९ वर्षांची मुलगी. २०२० मध्ये छापून आलं तेव्हा जगभर गाजलं होतं. त्याच लेखात त्यांनी दोन्ही अमेरिकांमधली जुनी दफनं परत चाळली, मोठ्या शिकारीच्या हत्यारांसकट पुरलेल्या २७ जणांपैकी ११ बायका निघाल्या. काही लोक यावर वाद घालतात की हत्यारं सोबत पुरली म्हणजे तीच वापरत होती कशावरून, ठीक आहे, पण पुरुषाच्या थडग्यात हत्यार मिळालं की हा प्रश्न कोणी विचारत नाही हे पण खरं.

मी हे सांगितलं तेव्हा पाहुण्यांमधल्या एका कॉलेजच्या मुलीने डबा उचलून चित्राकडे बघितलं आणि मार्करने दाढी खोडली. मी काही बोललो नाही.

आणि हो, "शिकारी शिकारी" पण किती करायचं. त्याच भागातल्या २४ माणसांच्या हाडांवरून २०२४ मध्ये आलंय की त्यांच्या जेवणात ८० टक्क्यांच्या आसपास वनस्पती होत्या, बहुतेक कंदमुळं, बटाट्याचे रानटी पूर्वज. दगडाची टोकं टिकतात म्हणून आपल्याला शिकारच दिसते. कंद खणायची काठी कोण म्युझियममध्ये ठेवणार. आपल्याकडे पावसात कणगी, करांदे खणणाऱ्या बायका बघितल्या असतील तर कळेल.

कस्टमर सर्व्हिस: सहा दिवसांनी उत्तर आलं, मोडलेलं टोक बदलून देऊ म्हणाले. मी म्हटलं मोडलेलं नको बदलू, मापं बदला. फोनवरचा मुलगा बिचारा गोंधळला, "सर मापं म्हणजे?" दहा मिनिटं समजावलं. त्याने वर कोणालातरी विचारलं, मग मेसेज आला की साइज "डिस्प्लेच्या सोयीसाठी" एकसारखी ठेवली आहे. ९०० रुपये परत दिले, का दिले मला कळलं नाही, पण घेतले. बिंदूबद्दल म्हणाले पुढच्या छपाईत बघू.

कोणी घ्यावा? ज्यांना कपाटात नुसतं छान दिसणारं काहीतरी हवंय त्यांनी जरूर घ्या, ऑब्सिडियनची नक्कल या पैशात एवढी चांगली मिळत नाही. शाळांनी घ्यायचा असेल तर फोम फेकून द्या, पुस्तिका कुलपात ठेवा, आणि त्रिकोणी टोकं दाखवताना पोरांना सांगा की खरी यांच्या निम्मी असतात. लहान मुलांच्या हातात अकीकची देऊ नका, धार खरी आहे. फेकदांडी मात्र एक नंबर, ती सेटशिवाय वेगळी मिळाली तर मी दोन अजून घेईन, भाल्यांचा बांबू जरा हलका आहे, तात्या म्हणतात आमच्या बेटातला देतो.

पावसाळ्यासाठी एक टीप, रेझिनच्या टोकांवर आमच्याकडच्या हवेत पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरली, ओल्या फडक्याने पुसली की जाते, पण फोम पाणी धरतो आणि वास मारतो. मी टोकं आता फोममधून काढून सुपात कोरड्या वाळूवर मांडलीत, लहान-मोठी, मोडकी धरून. सातव्या नंबरच्या शेजारी माझं ३७ मिलिमीटरवालं ठेवलंय. काल एका पाहुण्याने दोन्ही उचलून विचारलं यातलं ओरिजिनल कुठलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत काकीने आतून तिचा आडाळो आणून त्याच्या हातात दिला.